मानमोडी : कर्जत-खालापुरांतील कोंबड्यांची मर व तिच्या विषाणूंचे पाठभेद

१. विषयप्रवेश

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याच्या आंतल्या बाजूचे दोन तालुके इतिहासाच्या अभ्यासकांस उंबरखिंडीच्या लढाईमुळें, कोंडाण्याच्या लेण्यांमुळें व कोथळीगडामुळें परिचित आहेत. या मुलखाचीं दफ्तरें चाळतांना आपलें लक्ष सनदा, महजर, निवाडे व वतनाचे तंटे यांकडे असतें. दुष्काळ, पटकी व प्लेग यांच्या नोंदीही आपण टिपून घेतों. परंतु एखाद्या जमाखर्चाच्या वहींत कोंबड्यांच्या मरीचा उल्लेख आला, तर तो किरकोळ म्हणून सोडून देण्याकडे आपला कल असतो.

हा कल योग्य नाहीं असें आमचें मत आहे. या दोन तालुक्यांतील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्यांवर कोंबडी ही केवळ खाण्याची वस्तु नव्हे. ती हातची शिल्लक आहे. पावसाळ्यांत कणगींतला दाणा सरला कीं तलंग किंवा कोंबडा बाजारीं नेऊन मीठमिरची व औषध यांची सोय होते. पाहुण्याचा मान व देवाचा नवसही त्याच खुराड्यांतून भागतो. एका आठवड्यांत खुराडें रिकामें झालें, तर त्या घराची वर्षाची तजवीज मोडते. अशा आपत्तीची साक्ष कागदांत क्वचितच सांपडते. म्हणून जी सांपडेल ती नीट वाचणें हें आपलें काम आहे.

ती वाचतांना पहिला प्रश्न हा कीं, मेलेल्या कोंबड्यांस झालें होतें काय? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास आज एक नवें साधन उपलब्ध झालें आहे. रोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूचें अक्षरशः वाचन करतां येतें, व हस्तलिखितांच्या पोथ्यांप्रमाणें त्याचे पाठभेद लावून वंशावळ मांडतां येते. पोथ्यांचे संग्राहक व पाठचिकित्सक यांस ही रीत परकी वाटूं नये, म्हणून प्रस्तुत लेखांत तिचा विचार केला आहे.

२. स्थळाविषयीं एक सूचना

जुनी माहिती शोधणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रायगड जिल्ह्याचें नांव १९८१ पूर्वीं कुलाबा असें होतें. पण कँबेल यांच्या गॅझेटियरांत कर्जतची माहिती कुलाब्याच्या खंडांत पाहूं गेल्यास हातीं लागणार नाहीं. १८८२ सालीं छापलेल्या ठाण्याच्या खंडांत ती आहे, कारण त्या वेळीं कर्जत ठाणे जिल्ह्यांत मोडत असे व खालापूर हा त्याचाच पेटा होता. तेव्हां या भागाचे कागद दोन जिल्ह्यांच्या दफ्तरांत विभागलेले आहेत.

दुसरी गोष्ट मार्गांची. मुंबईहून घाटावर जाणारी वाट या मुलखांतूनच जाते. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला, कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी १८५६ सालीं आली, व १८६३ सालीं ती घाट चढून गेली. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगति महामार्गही खालापुरावरून जातो. ज्या वाटेनें धान्य, मीठ व माणसें गेलीं, त्याच वाटेनें कोंबड्यांचीं डालीं व पिंजरेही गेले. मरीच्या प्रवासाचा विचार या वाटा सोडून करतां येणार नाहीं.

३. ‘मानमोडी’ या शब्दाची चिकित्सा

आपल्याकडे कोंबड्यांच्या एका मरीस मानमोडी म्हणतात. शब्दाची फोड सरळ आहे: मान मोडणारी ती मानमोडी. रोगट कोंबडी धापा टाकते, हिरवट पातळ विष्ठा करते, पंख व पाय लुळे पडतात, आणि पुष्कळदां मान पिळवटून मागें किंवा बाजूस वळते. हीं लक्षणें ज्या रोगाचीं आहेत, त्यास पशुवैद्य राणीखेत म्हणतात.

परंतु येथेंच संशोधकानें सावध राहिलें पाहिजे. १९१८ च्या जून महिन्यांत मुंबईंत शिरलेल्या व पुढें सर्व देशभर पसरलेल्या इन्फ्ल्यूएन्झाच्या साथीसही महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं मानमोडी हेंच नांव होतें. ती साथ माणसांची. म्हणजे एकाच शब्दानें दोन भिन्न रोग दर्शविले जातात. जुन्नराजवळील मानमोडीचा डोंगर तर सर्वस्वीं निराळा; तेथील शिलालेखांत मानमुकड असें जुनें नांव आढळतें, व त्याचा कोणत्याही रोगाशीं संबंध नाहीं.

यावरून नियम निघतो तो असा: जुन्या रोजनिशींत ‘मानमोडी आली’ एवढेंच वाक्य आढळल्यास तें माणसांविषयीं कीं कोंबड्यांविषयीं हें संदर्भावरून ठरवावें, आणि कोंबड्यांविषयीं असलें तरी त्यावरून रोग निश्चित होत नाहीं. नांव हें लक्षणाचें आहे, कारणाचें नव्हे.

४. राणीखेत रोगाच्या नांवाचा इतिहास

हा रोग शास्त्रीय वाङ्मयांत स्वतंत्र म्हणून प्रथम १९२६ सालीं नोंदला गेला. त्या वर्षीं जावा बेटांत क्रानेव्हेल्ड यांनीं व इंग्लंडांत न्यूकॅसल येथें डॉईल यांनीं तो पाहिला. १९२८ सालीं हिंदुस्थानांत एडवर्ड्स यांनीं कुमाऊंतील राणीखेत येथील साथीचें वर्णन केलें. डॉईल यांनीं गांवाचें नांव रोगास दिलें म्हणून जगभर ‘न्यूकॅसल’ रूढ झालें. आपल्याकडे त्याच न्यायानें ‘राणीखेत’ रूढ झालें. विषाणूंच्या अलीकडील शास्त्रीय नामावलींत मात्र त्याच्या जातीचें नांव जावावरून ठेविलें आहे. म्हणजे अग्रपूजेचा मान उशिरां कां होईना जावाकडे गेला.

एडवर्ड्स ज्या संस्थेंत काम करीत ती मुक्तेश्वर येथील सरकारी प्रयोगशाळा होय. ती मूळची पुण्याची. १८८९ सालीं पुण्यांत तिची स्थापना झाली व १८९३ सालीं ती कुमाऊंच्या थंड डोंगरावर नेण्यांत आली. संस्कृतज्ञांस कुमाऊंचें आणखी एक नातें आठवेल. श्येनादि शिकारी पक्ष्यांचें पालन व त्यांच्या रोगांवरील उपचार सांगणारा ‘श्यैनिकशास्त्र’ हा ग्रंथ कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या नांवावर असून म. म. हरप्रसाद शास्त्री यांनीं तो १९१० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केला. कोंबड्यांविषयीं आपल्याकडे असा स्वतंत्र वैद्यकग्रंथ प्रसिद्ध नाहीं. सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त कुक्कुटांच्या झुंजीचें प्रकरण आहे खरें, परंतु तें विनोदाच्या भागांत आहे. राजाच्या ससाण्यास वैद्य मिळाला, झुंजीच्या कोंबड्यास कवि मिळाला. वाडीवरच्या कोंबडीस दोन्ही मिळाले नाहींत.

१९२६ पूर्वीं हा रोग नव्हता काय? तसें म्हणतां येत नाहीं. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांत १८९६ सालीं कोंबड्यांचा मोठा संहार झाला होता, व तो याच रोगाचा असावा असा तर्क मॅकफर्सन यांनीं १९५६ सालीं मांडला. त्या पूर्वींच्या काळीं कोंबड्यांच्या सर्व घातक साथींस ‘फाऊल प्लेग’ हें एकच नांव पुरत असे. इटलींत पेरोंचितो यांनीं १८७८ सालीं वर्णिलेला फाऊल प्लेग हा वस्तुतः इन्फ्ल्यूएन्झा होय, हें शेफर यांनीं १९५५ सालीं सिद्ध केलें. तेव्हां जुन्या उल्लेखांत हे दोन रोग एकमेकांत मिसळलेले असण्याचा संभव मोठा आहे.

५. विषाणू ही एक पोथी

आतां मुख्य विषयाकडे वळूं. राणीखेतच्या विषाणूचा सर्व वारसा आर्. एन्. ए. नामक द्रव्याच्या एका तंतूवर लिहिलेला असतो. त्याची लिपि चार अक्षरांची, व लांबी सुमारे १५,२०० अक्षरांची. त्यांत सहा प्रकरणें, म्हणजे सहा जनुकें आहेत. कोंबडीच्या पेशींत शिरून विषाणू या पोथीच्या असंख्य नकला काढवितो. या नकलांस शोधक नसतो. म्हणून चुका राहतात. एका स्थूल अंदाजानें दर हजार अक्षरांमागें वर्षास सुमारें एक बदल या वंशांत स्थिरावतो.

लेखकाच्या प्रमादांत व या प्रमादांत एक भेद आहे. आपला नकलनवीस अर्थ पाहून पाठ सुधारण्याचा यत्न करतो. विषाणूस अर्थ कळत नाहीं. ज्या चुकीमुळें नक्कल निकामी होते ती नाहींशी होते. जी निरुपद्रवी असते ती वंशांत राहून जाते. आणि जी नकला वाढविण्यास उपयोगी पडते ती इतरांस मागें सारते. निरुपद्रवी चुकाच वंशावळ लावण्यास सर्वांत उपयोगी, हें पाठचिकित्सकांस सांगावयास नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम चाललें, तेव्हां बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचे गट समान पाठभेदांवरूनच ठरविले गेले. राणीखेतच्या विषाणूंचे गटही याच रीतीनें पाडले आहेत. मुख्य वर्गाचेच वीस किंवा अधिक गट मानतात. भारतांत गेल्या कांहीं दशकांत मिळालेल्या घातक नमुन्यांपैकीं बरेच तेराव्या गटांत बसतात.

सर्व पाठभेद सारख्या महत्त्वाचे नसतात. विषाणूच्या अंगावर ‘एफ्’ नांवाचें एक प्रथिन असतें. तें एका ठराविक जागीं चिरलें गेल्याशिवाय विषाणूस पेशींत शिरतां येत नाहीं. ती जागा सहा घटकांची, ११२ पासून ११७ पर्यंतची. सौम्य जातींत तेथें ग्लायसिन, आर्जिनिन, ग्लुटामिन, ग्लायसिन, आर्जिनिन, ल्यूसिन असा क्रम आढळतो. हा क्रम चिरणारे पाचक रस केवळ श्वासमार्गांत व आंतड्यांत असतात. म्हणून रोग तेथेंच अडतो व कोंबडी थोडी शिंकून बरी होते. घातक जातींत मात्र आर्जिनिन, आर्जिनिन, ग्लुटामिन, आर्जिनिन किंवा लायसिन, आर्जिनिन, फिनिलॲलॅनिन असा क्रम असतो. हा क्रम चिरणारें द्रव्य शरीराच्या बहुतेक सर्व पेशींत असतें. म्हणून विषाणू मेंदूपर्यंत पोंचतो व मान मोडते. पंधरा हजार अक्षरांच्या पोथींतील एका शब्दावर खुराड्याचें जगणें-मरणें अवलंबून असतें.

तथापि एका शब्दावरून सर्व ग्रंथाची परीक्षा करूं नये. मुक्तेश्वरास लसीसाठीं तयार केलेल्या जातींत हाच घातक शब्द कायम आहे, तरी ती मोठ्या कोंबड्यांस सहसा मारीत नाहीं. इतर जनुकांतील भेदांनींही तिची तीव्रता मर्यादित होते असें मानतात.

६. लस : हेतुपूर्वक केलेल्या नकला

१९४० सालीं इंग्लंडांत अय्यर व डॉब्सन यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर हा विषाणू पुनःपुनः वाढवून सौम्य केला. मुक्तेश्वर येथें हॅडो व इदनानी यांनीं याच मार्गानें देशी जातीपासून लस सिद्ध केली. त्यांचा निबंध १९४६ चा आहे. एका अंड्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत अशा नकला होत गेल्या कीं विषाणू अंड्यास सरावतो व कोंबडीविषयीं त्याची धार बोथट होते. ही मुक्तेश्वरी लस वाढलेल्या पक्ष्यांस टोंचतात. पिलांस ‘लासोटा’ या अमेरिकी सौम्य जातीचे थेंब डोळ्यांत वा नाकांत घालतात, किंवा ती पाण्यांतून देतात.

लस कोंबडीस मरूं देत नाहीं. पण विषाणूचा शिरकाव व विष्ठेवाटे होणारा प्रसार ती पूर्णपणें थांबवितेच असें नाहीं. यामुळें लस दिलेल्या मोठ्या कळपांत घातक विषाणू गुपचूप वावरूं शकतो, आणि शेजारच्या वाडीवर लस न दिलेलीं गावठी कोंबडीं मरूं लागलीं म्हणजे त्याचें अस्तित्व उघड होतें. वाड्यांवर लस पोंचविण्यांत बर्फाची सांखळी ही मोठी अडचण असते. ऑस्ट्रेलियांत सांपडलेली ‘व्ही ४’ ही जात उष्णता बरीच सोसते, म्हणून खेड्यांसाठीं तिच्यापासून लसी करण्यांत आल्या.

७. घातक पाठ कोठून येतो

जुन्या मतें घातक विषाणू नेहमीं बाहेरून येई. म्हणून प्रत्येक साथीस कोणी तरी आणणारा शोधीत. ऑस्ट्रेलियांतील अनुभवानें हें मत अपुरें ठरलें. तेथें १९९८ पासून २००० पर्यंत झालेल्या साथींचा विषाणू परदेशी नव्हता. तेथेंच वावरणाऱ्या निरुपद्रवी जातीच्या त्या सहा घटकांच्या शब्दांत दोन अक्षरें बदलून तो उत्पन्न झाला होता. म्हणजे मूळ प्रत गांवांतलीच, दोष मात्र नवा.

इतिहासकारास यांत एक धडा आहे. मर आली कीं दोष कोणाकडे तरी लावण्याची प्रवृत्ति असते: शेजारच्या वाडीकडे, फिरत्या व्यापाऱ्याकडे, किंवा गांवदेवीच्या कोपाकडे. पाठभेद तपासले तर कधीं व्यापाऱ्याचा मार्ग खरोखरच सिद्ध होतो, कधीं तो निर्दोष ठरतो. पुराव्याशिवाय आरोप मांडूं नये हा आपला नियम येथेंही लागू आहे.

८. इन्फ्ल्यूएन्झा : संकर व प्रक्षेप

इन्फ्ल्यूएन्झाच्या विषाणूची पोथी एकसंध नसून आठ सुट्या पानांची आहे. दोन भिन्न जाती एकाच पक्ष्याच्या पेशींत शिरल्या, तर पानें अदलाबदल होऊन संकरित प्रत तयार होते. दोन आदर्श समोर ठेवून लिहिलेल्या पोथीप्रमाणें अशा प्रतीची वंशावळ एका रेषेंत मांडतां येत नाहीं; पानागणिक निराळी मांडावी लागते.

चिरण्याच्या जागेचें महत्त्व येथेंही आहे. पेनसिल्व्हेनियांत १९८३ च्या एप्रिलांत सौम्य असलेली साथ ऑक्टोबरांत घातक झाली. बाह्य प्रथिनांतील अल्प बदलानें चिरण्याच्या जागेवरचें शर्करेचें आवरण नाहींसें झालें होतें. चिली देशांत २००२ सालीं तर विषाणूच्या एका पानांतील ३० अक्षरांचा तुकडा दुसऱ्या पानांत नेमक्या त्या जागीं शिरला व सौम्य जात मारक झाली. एका पर्वांतील श्लोक दुसऱ्या पर्वांत घुसावा तसाच हा प्रक्षेप!

१९९६ सालीं चीनच्या ग्वांगडुंग प्रांतांत हंसांमध्यें सांपडलेल्या एच् ५ एन् १ जातीचे वंशज पुढें जगभर पसरले. १९९७ सालीं हाँगकाँगांत १८ माणसांस लागण झाली व ६ दगावलीं. भारतांत ही जात प्रथम फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आढळली. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें बर्ड फ्ल्यूचा उद्भव झाला. फेब्रुवारी २०२२ मध्यें शहापूर तालुक्यांतील वेहळोली येथें, आणि जानेवारी २०२५ मध्यें आमच्या जिल्ह्यांत उरण तालुक्यांतील चिरनेर येथें तो आला. १९३० च्या जंगल सत्याग्रहानें प्रसिद्ध असलेल्या या गांवापासून खालापूर दूर नाहीं. अशा वेळीं सभोवारचे सर्व पक्षी, रोगी असोत वा निरोगी, मारावे लागतात. गरिबाच्या खुराड्यावर रोगाचा व उपायाचा असा दुहेरी घाव पडतो.

९. हाडांतील पोथ्या

विषाणूची पोथी जुनी होऊन टिकते काय? १९१८ च्या साथींत मेलेल्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसांतून व अलास्कांतील बर्फांत पुरलेल्या एका देहांतून त्या विषाणूचा संपूर्ण पाठ जुळविण्याचें काम २००५ सालीं पुरें झालें. त्याचीं जनुकें पक्ष्यांच्या विषाणूंशीं जवळचीं आढळलीं. यावरून आपल्या पूर्वजांनीं दोन रोगांस एक नांव दिलें तें ज्ञानपूर्वक दिलें असें मात्र कोणी म्हणूं नये. राणीखेत व इन्फ्ल्यूएन्झा यांचे विषाणू भिन्न कुलांतले आहेत.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. कोंबड्यांत लुळेपणा व गांठी उत्पन्न करणारा एक रोग मारेक यांनीं १९०७ सालीं वर्णिला. त्याचा विषाणू गेल्या शतकांत उत्तरोत्तर घातक होत गेला. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत युरोप व पश्चिम आशियांतील उत्खननांत मिळालेल्या कोंबड्यांच्या हाडांतून, गेल्या हजार वर्षांतील या विषाणूचे पाठ वाचण्यांत आले. जुन्या पाठांत गांठी उत्पन्न करणाऱ्या मुख्य जनुकाची शक्ति नव्हती असें दिसून आलें. म्हणजे आजचा घातक रोग व हजार वर्षांपूर्वींचा सौम्य रोग यांचा वंश एक, गुण निराळे. ज्या हाडांस उत्खननांत केर समजून टाकीत, तींच येथें प्रमाणपत्रें ठरलीं.

१०. संग्राहकांस विनंति

वरील विवेचनावरून कर्जत-खालापुरापुरते तीन निष्कर्ष निघतात. पहिला: जुन्या कागदांतील मरीस आजच्या रोगाचें नांव लावतांना ‘संभवतः’ हा शब्द सोडूं नये. दुसरा: आजचीं लक्षणें मागील काळावर लादूं नयेत. कोंबड्यांबरोबर कावळे मेल्यास आज आपण बर्ड फ्ल्यूचा संशय घेतों; परंतु रानपक्ष्यांचा मोठा संहार हें मुख्यत्वें १९९६ नंतरच्या वंशाचें लक्षण आहे; जुन्या नोंदींत कावळ्यांचा उल्लेख नाहीं एवढ्यावरून तो रोग नव्हता असें ठरत नाहीं. तिसरा: वाट, बाजार व ऋतु हीं कोणत्याही पाठभेदाइतकींच महत्त्वाचीं आहेत, कारण नक्कल उत्पन्न होणें हें विषाणूचें काम, व ती गांवोगांव पोंचणें हें बहुधा माणसाच्या हालचालीचें काम आहे. आज ब्रॉयलरचीं शेडें व वाडीवरचीं खुराडीं एकाच शिवारांत असल्यामुळें, पिंजऱ्यांची गाडी, खाद्याचीं पोतीं, माणसाच्या वहाणा व बाजारांतून न विकतां परत आणलेला कोंबडा हे सर्व वाहक होतात.

म्हणून सभासदांस विनंति अशी कीं, देवस्थानच्या जमाखर्चांत, सावकाराच्या वहींत, शाळेच्या अगर पाटलाच्या दफ्तरांत कोंबड्यांच्या मरीचा उल्लेख आढळल्यास तो मूळ शब्दांत उतरून घ्यावा. तिथि, गांव व ऋतु. कोंबडींच मेलीं कीं बदकें, कबुतरें व कावळेही. मान वळली होती काय, तुरा काळा पडला होता काय. त्या आठवड्यांत बाजार वा जत्रा होती काय. नवसाचा कोंबडा न मिळाल्यामुळें कांहीं पर्यायी खर्च पडला काय, एवढ्या गोष्टी पाहाव्या. वाड्यांवरील वृद्ध बायकांच्या आठवणीही लिहून घ्याव्या. खुराडें बहुधा त्यांच्याच हातीं असतें, व कोणत्या वर्षीं तें ओस पडलें हें त्यांस पक्कें ठाऊक असतें. जेथें आज मर चालू असेल तेथें मात्र टिपण करण्यापूर्वीं पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी, मेलेला पक्षी हातीं धरूं नये, व त्याच वहाणांनीं दुसऱ्या वाडीवर जाऊं नये. प्रयोगशाळेंत वेळेवर पोंचलेला एक नमुना हा त्या साथीचा अस्सल कागद होय; तो गहाळ झाला, तर मागाहून कितीही नकला जमविल्या तरी मूळ पाठ हातीं लागत नाहीं.